१ नोव्हेंबर १९५६ चे मथळे आणि आपला मराठवाडा

१७ सप्टेंबरला आपण मुक्तिसंग्रामाचा झेंडा फडकावतो आणि १ मे रोजी महाराष्ट्राचा. या दोहोंच्या मधली, आपला प्रदेश प्रत्यक्षात हैदराबादच्या कारभारातून मुंबईच्या कारभारात गेला ती १ नोव्हेंबर १९५६ ही तारीख मात्र मराठवाड्यात फारशी कोणाच्या ध्यानात नसते. मला ती फार जवळची वाटते. इतकी मोठी आणि त्याच वेळी इतकी गमतीची तारीख आपल्या इतिहासात दुसरी नाही, असे मी मनापासून म्हणतो. आणि ती गंमत कळायची असेल, तर त्या दिवशी वर्तमानपत्रांच्या दारात किती बातम्या एकदम येऊन उभ्या राहिल्या होत्या, हे एकदा एकत्र मांडून पाहायला हवे.

गुरुवार होता आणि ऐन दिवाळी होती. आदल्या संध्याकाळी ब्रिटन आणि फ्रान्स यांच्या विमानांनी इजिप्तच्या विमानतळांवर बॉम्बफेक सुरू केली होती, कारण इजिप्तचे अध्यक्ष नासर यांनी जुलैमध्ये सुवेझ कालव्याचे राष्ट्रीयीकरण केले होते. तिकडे हंगेरीच्या बुडापेस्टमध्ये २३ ऑक्टोबरपासून उठाव पेटलेला होता. अमेरिकेत आयझेनहॉवर आणि स्टीव्हन्सन यांच्या निवडणुकीला पाच दिवस उरले होते. मुंबईत ब्रेबोर्न स्टेडियमवरची ऑस्ट्रेलियाविरुद्धची कसोटी आदल्याच दिवशी अनिर्णित राहिली होती आणि तीत रामचंद यांचे शतक झाले होते, म्हणजे खेळाच्या पानालाही उसंत नव्हती. जगाने इतकी गर्दी केलेली असताना आपल्या देशाने त्याच मुहूर्तावर स्वतःचा नकाशा पुसून नवा काढला, आणि १४ राज्ये व ६ केंद्रशासित प्रदेश एका सकाळी अस्तित्वात आले. त्या रात्री पाने लावणाऱ्या उपसंपादकांची काय धांदल उडाली असेल, याची कल्पना करूनच मला हसू येते आणि त्यांच्याविषयी आदरही वाटतो.

या नव्या नकाशात हैदराबाद राज्याचे तीन वाटे झाले. तेलंगण आंध्र प्रदेशात गेले, कानडी भाग म्हैसूरला जोडला गेला आणि औरंगाबाद, परभणी, नांदेड, बीड व उस्मानाबाद हे आपले जिल्हे मराठी-गुजराती अशा द्वैभाषिक मुंबई राज्यात आले. यशवंतराव चव्हाण त्या दिवशी या राज्याचे मुख्यमंत्री झाले. राजप्रमुख हे राज्यपालासारखे पदच रद्द झाल्यामुळे सातवे निजाम मीर उस्मान अली खान पदावरून उतरले. मात्र त्यांच्या नावाचा उस्मानाबाद जिल्हा आपल्याकडे राहिला, आणि तो नुकत्याच काही वर्षांपूर्वी धाराशिव झाला.

पहिल्या पानावर हे सारे शोभणारेच होते. माझे मन मात्र ज्या बातम्यांना मोठे मथळे मिळणे शक्यच नव्हते, त्यांच्यात अधिक रमते. उदगीर, अहमदपूर आणि निलंगा हे तालुके ३१ ऑक्टोबरच्या रात्री बीदर जिल्ह्यात झोपले आणि सकाळी उस्मानाबाद जिल्ह्यात उठले. मला कोणी मथळा लिहायला सांगितला असता, तर ‘उदगीरकर जागचे न हलता जिल्हा बदलून आले’ असा मी दिला असता. १९८२ मध्ये लातूर जिल्हा झाला तेव्हा उदगीर पुन्हा तिकडे गेले. म्हणजे निजामशाहीत जन्मलेल्या एखाद्या उदगीरकराने आपल्या ओसरीवरून न उठता तीन जिल्हे पाहिले आणि निजामाचे संस्थान, भारतातले हैदराबाद राज्य, द्वैभाषिक मुंबई व महाराष्ट्र अशा चार राजवटी पाहिल्या. इतका प्रवास तिकिटाशिवाय दुसऱ्या कोणाला घडला असेल! किनवट आणि राजुरा आदिलाबादमधून नांदेडला आले, आणि राजुरा तर पुढे चंद्रपूरकडे निघून गेला. त्याहून मोठी मौज अशी की सौराष्ट्र आणि कच्छही याच मुंबई राज्यात असल्याने किनवटचा शेतकरी आणि कच्छचा उंटवाला त्या सकाळपासून एकाच मुख्यमंत्र्याचे मतदार झाले. मराठी लोक संयुक्त महाराष्ट्र मागत होते, गुजराती लोक महागुजरात मागत होते, आणि दोघांच्याही हाती दोघांनी न मागितलेले राज्य पडले. ते साडेतीन वर्षे टिकले.

आता आगगाडीकडे या, कारण माझ्या मते त्या दिवसाची खरी बातमी रुळांवर होती. निजामाच्या काळात बांधलेली काचीगुडा–मनमाड ही आपली मुख्य वाट मीटरगेज, म्हणजे अरुंद रुळांची होती. नांदेडहून, परभणीहून, जालन्याहून गाडीत बसले की डबा न बदलता हैदराबाद गाठता येई. मुंबईला जायचे तर मनमाडला उतरून, सामान डोक्यावर घेऊन ब्रॉडगेजच्या, म्हणजे रुंद रुळांवरच्या गाडीत चढावे लागे. राजधानी एका रात्रीत बदलली, रूळ मात्र ज्या राजधानीला आपण सोडले तिकडेच सरळ जात राहिले. औरंगाबादपर्यंत ब्रॉडगेज यायला १९९० चे दशक उजाडावे लागले. न्यायालयाचेही तसेच झाले. उच्च न्यायालयात अपील करायला हैदराबादऐवजी मुंबई आली, आणि औरंगाबादला खंडपीठ सुरू झाले ते १९८१ मध्ये.

पैशाची कथा तर निव्वळ हास्यरसाची आहे. आपल्या लोकांच्या कनवटीला तेव्हा दोन प्रकारचे रुपये होते, निजामाचा हाली आणि भारत सरकारचा कलदार. सात हाली म्हणजे सहा कलदार. बाजारात वांग्यांचा भाव विचारताना ‘हाली की कलदार’ हेही विचारायचे आणि मग मनातल्या मनात सातने भागून सहाने गुणायचे. हे गणित अंगवळणी पडलेल्या माणसांसमोर १ एप्रिल १९५७ रोजी नवा पैसा आला. सोळा आण्यांच्या रुपयाचे शंभर नवे पैसे झाले, एका आण्याचे सव्वासहा; आणि पाव पैशाचे नाणे तर नव्हतेच. हाली रुपया पुरता बंद झाला तो १९५९ मध्ये. म्हणजे सुमारे दोन वर्षे मराठवाड्यातला किराणा दुकानदार हाली, कलदार, आणा आणि नवा पैसा यांचा हिशोब एकाच गल्ल्यावर करीत होता. ज्या प्रदेशाला आकडेमोडीत मागास म्हणतात, त्या प्रदेशातील त्या दुकानदारांपुढे मी हात जोडतो.

मी हे सारे हसत लिहितो आहे, कारण आपल्या आजी-आजोबांनीही ते हसतच निभावले असावे. पण या गमतीच्या पोटात आपल्या मागासलेपणाचे उत्तर आहे, आणि मला त्याविषयी कळकळीने बोलायचे आहे. आपण महाराष्ट्रात बिनशर्त सामील झालो असे आपण अभिमानाने सांगतो, आणि तो अभिमान रास्तच आहे. त्यागाच्या त्या भाषेत एक साधी गोष्ट मात्र हरवते. आगगाडी, अपील, विद्यापीठ, जमिनीची उर्दू दप्तरे, व्यापाऱ्यांची उधारी, सगळे पिढ्यान्‌पिढ्या हैदराबादकडे तोंड करून उभे होते, आणि त्यांचे तोंड वळवायला किती वर्षे व किती पैसे लागतील, याचा हिशोब त्या सकाळी कोणत्याही मथळ्यात बसणारा नव्हता. विद्यापीठ तरी लवकर मिळाले. २३ ऑगस्ट १९५८ रोजी नेहरूंच्या हस्ते औरंगाबादला त्याचे उद्घाटन झाले. आगगाडीची आणि अपिलाची वाट किती पाहावी लागली, ते वर आलेच आहे. विकासाच्या अनुशेषाच्या चर्चेत आपण सिंचनाचे आणि रस्त्यांचे आकडे मांडतो, ते मांडायलाच हवेत. पण त्या आकड्यांच्या आधी ही दिशा बदलण्याची किंमत मांडली पाहिजे, असे माझे ठाम मत आहे.

म्हणून माझी मराठवाड्यातल्या शिक्षकांना विनंती आहे की यंदा १ नोव्हेंबरच्या निमित्ताने मुलांकडून त्या दिवसाचे एक भित्तिपत्रक करून घ्यावे. एका बाजूला सुवेझ आणि बुडापेस्ट लावावे, दुसऱ्या बाजूला आपल्या गावाचा तालुका, जिल्हा, राज्य, नाणे आणि मुंबईला जायची वाट लिहावी. दिवाळीच्या सुट्टीत मुले गावी जातातच. देगलूर, उदगीर, किनवटच्या मुलांनी घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाला हालीचा भाव विचारून यावे, आणि घरात जुनी नाणी, जुनी तिकिटे, जुने अंक असतील तर त्यांची छायाचित्रे इथे खाली टाकावीत.