सामान बांधायचंय आणि यांना सहल सुचतेय

लातूर, नांदेड, परभणीकडची पोरं नोकरीपायी बंगळुरूला, हैदराबादला घर हलवायला निघाली की दोस्तमंडळींचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं. "टेम्पो पुढं जाऊ दे, आपण कारनं मागून जाऊ, मस्त रोड ट्रिप होईल." झालं. तिथून पुढं सगळी चर्चा कुठल्या ढाब्यावर थांबायचं याची. एसी कोण उतरवणार, गॅसचं कनेक्शन कधी जमा करायचं, टेम्पोला नॅशनल परमिट, म्हणजे दुसऱ्या राज्यात जायचा परवाना, आहे का, यावर कुणी तोंड उघडत नाही. हे सगळं निघायच्या दिवशी सकाळी आठवतं, आणि त्या सकाळच्या घाईवरच सामान हलवायच्या धंद्यातल्या निम्म्या लोकांची कमाई चालते. हे दरवर्षी मे-जूनमध्ये डोळ्यांदेखत घडतं आणि तरी कुणी शहाणं होत नाही, याचा संताप येतो.

एसीचंच घ्या. घाईत बोलावलेला मेकॅनिक येतो, आउटडोअर युनिटचे नट सैल करतो, फुस्स करून सगळा गॅस गॅलरीत सोडून देतो आणि दहा मिनिटांत पैसे घेऊन मोकळा. तिकडं नव्या घरी दुसरा मेकॅनिक सांगतो, "गॅस संपलाय, अडीच-तीन हजार लागतील." गॅस संपत नसतो हो, सोडून दिलेला असतो! नव्या एसीत बहुतेक आर-३२ नावाचा गॅस असतो आणि तो पेट घेऊ शकतो, म्हणजे वर धोका आहेच.

खरं काम पंप डाउनचं, म्हणजे गॅस आउटडोअरमध्ये कोंडून ठेवायचं. एसी कूलिंगवर सुरू करायचा, कॉम्प्रेसर पाच-दहा मिनिटं नीट चालू द्यायचा. आउटडोअरच्या दोन्ही व्हॉल्व्हची टोपणं काढायची. आधी बारीक पाइपचा व्हॉल्व्ह ॲलन कीनं घट्ट बंद करायचा. कॉम्प्रेसर चालूच असतो, तो इनडोअर आणि पाइपमधला गॅस ओढून आउटडोअरमध्ये भरतो. गेजचा, म्हणजे दाब दाखवणाऱ्या मीटरचा, काटा शून्याजवळ आला की जाड पाइपचा व्हॉल्व्ह बंद करायचा आणि त्याच क्षणी एसी बंद. उशीर केला तर कॉम्प्रेसर कोरडा चालून तापतो, म्हणून गेज नसलेल्या माणसाला हात लावू देऊ नका. नंतर पाइपची तोंडं टेपनं बंद करायची, नाहीतर आत ओल आणि धूळ जाते. नव्या घरी फ्लेअर, म्हणजे पाइपचं पसरट केलेलं तोंड, नवीन मारून घ्यायचा, व्हॅक्युम पंप किमान पंधरा-वीस मिनिटं लावायचा, मगच व्हॉल्व्ह उघडायचे. "व्हॅक्युमची गरज नाही, थोडा गॅस सोडून हवा काढतो" म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवा. ओल आत राहिली की कॉम्प्रेसर जातो, आणि तो आज जात नाही, पुढच्या उन्हाळ्यात जातो, तेव्हा कुणाला पकडणार?

फ्रीज आदल्या दिवशी सकाळीच बंद करायचा. बर्फ वितळायला वेळ लागतो आणि मागच्या ट्रेमधलं पाणी ओतून टाकावं लागतं. काचेचे कप्पे काढून वेगळे बांधायचे. फ्रीज उभाच न्यायचा. आडवा नेला की कॉम्प्रेसरचं तेल पाइपात शिरतं. पोचल्यावर निदान चार तास थांबून मग बटण दाबायचं. पण नाही, पोरांना थंड पाणी लगेच पाहिजे असतं.

फ्रंट लोड वॉशिंग मशीनच्या मागं ट्रान्झिट बोल्ट लागतात, ते प्रवासात ड्रम जागेवर धरून ठेवतात. कंपनीनं मशीनसोबत दिलेले असतात आणि बसवणारा काढतो त्याच दिवशी ते भंगारात जातात. बोल्ट नसतील तर ड्रम बंगळुरूपर्यंत साडेसातशे किलोमीटर आतल्या आत आदळत जातो, स्प्रिंग आणि डॅम्पर ढिले होतात. आधीच शोधून ठेवा, नसतील तर सर्व्हिस सेंटरला विचारा. खालच्या फिल्टरमधून उरलेलं पाणीही काढा, नाहीतर ते गाद्यांवर सांडतं.

आता मूव्हर्सवाले. फोनवर एक रेट, सामान भरून झाल्यावर दुसरा. लिफ्ट नाही म्हणून जादा, गाडी दारापर्यंत येत नाही म्हणून छोटा हत्ती वेगळा, उतरवायची हमाली वेगळी, वर जीएसटी १८ टक्के वेगळा. फोनवर रेट घेऊच नका. माणूस घरी येऊन एकेक वस्तू लिहून घेईल, त्या यादीवर मजले, हमाली, टोल, कर सगळं धरून एकच आकडा लिहील, तेव्हाच टोकन द्या. निम्म्याहून जास्त ॲडव्हान्स मागणाऱ्याचं नाव तिथंच कापा. महिनाअखेरीला रेट चढतात, शक्य असेल तर महिन्याच्या मधली तारीख धरा.

सगळ्यात मोठी फसवणूक "पूर्ण गाडी तुमचीच" या वाक्यात असते. दोन खोल्यांच्या घराला चौदा फुटी आयशर ट्रक बहुतेक पुरतो. तुमच्याकडून पैसे पूर्ण आयशरचेच घेतात, पण सामान वाटेत गोदामात उतरवून दुसऱ्याच्या सामानासोबत वेगळ्या गाडीत भरतात. दोनदा हाताळायचं कपाट चारदा हाताळलं जातं आणि फोन केला की उत्तर ठरलेलं, "भाऊ, गाडी सोलापूर क्रॉस करायलीय." म्हणून बिल्टीवर, म्हणजे वाहतुकीच्या पावतीवर, गाडीचा नंबर लिहून घ्या, भरलेल्या गाडीचा नंबर प्लेटसकट फोटो काढा. दारात दुसऱ्याच नंबरची गाडी आली तर काय झालं ते विचारायची गरज नाही. स्थानिक टेम्पो स्वस्तात न्यायला तयार असेल तर आधी नॅशनल परमिट बघा. परमिट नसलेल्या गाडीचा दंड शेवटी तुमच्याच माथी मारतात. आणि वापरलेल्या घरगुती सामानाला ई-वे बिल, म्हणजे जीएसटीखाली माल नेण्याचा ऑनलाइन कागद, लागत नाही. त्या नावाखाली कुणी पैसे मागत असेल तर सरळ नाही म्हणा.

विम्याच्या नावाखाली सामानाच्या किमतीच्या तीन टक्के घेतात. विमा कंपनीचं नाव आणि पॉलिसी नंबर असलेला कागद मागा, बहुतेकदा तो नसतोच. नुसत्या बिलावर "रिस्क" लिहिलेलं असेल तर तो विमा नव्हे. तुम्ही स्वतः बांधलेल्या खोक्यातलं फुटलं तर तसंही काही मिळत नाही.

आणि ती कार! लातूर, औसा, तुळजापूर, सोलापूर, विजयपूर, होस्पेट, चित्रदुर्ग, बंगळुरू, म्हणजे साधारण साडेसातशे किलोमीटर. पाच मोठी माणसं साडेतीनशे किलोची. लहान कारची एकूण क्षमता माणसं धरून चारशे-साडेचारशे किलो. त्यात टेम्पोत न मावलेलं सगळं कोंबायचं: मिक्सर, पुस्तकं, कुंड्या, आणि कुणीतरी हमखास इन्व्हर्टरची बॅटरी डिकीत ठेवतो. दीडशे एएचची ट्युब्युलर बॅटरी पन्नास किलोच्या वर भरते, आत ॲसिड असतं, ती कारमध्ये न्यायची वस्तूच नाही. जुनी असेल तर गावातच एक्स्चेंजला द्या. मागच्या काचेपर्यंत सामान रचलं की आरशात काही दिसत नाही आणि ब्रेक मारला की वरची बॅग मागच्या माणसाच्या मानेवर येते. भरलेल्या गाडीच्या टायरची हवा वेगळी असते, ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर स्टिकर असतो, तो वाचा आणि टायर गार असताना भरा. टायरच्या बाजूवर शेवटचे चार आकडे बघा: २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. असला टायर मेच्या उन्हात भरल्या गाडीला लावून निघणं हा मूर्खपणा आहे. स्टेपनी सामानाच्या तळाशी गाडून ठेवणंही तसंच. पंक्चर झालं की अख्खं बिऱ्हाड रस्त्यावर काढावं लागतं.

दिवाळीनंतर जाणार असाल तर रात्री निघूच नका. या पट्ट्यात उसाच्या जोड ट्रॉल्या रात्रभर चालतात, मागं ना दिवा ना रिफ्लेक्टर, आणि ऊस ट्रॉलीच्या दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला. समोरच्या गाडीच्या लाइटनं डोळे दिपले की ती ट्रॉली दिसते तेव्हा ब्रेकला वेळ उरलेला नसतो. यावर कारखाने गप्प, प्रशासन गप्प, आणि आपले दोस्त म्हणतात "रात्री रस्ता मोकळा असतो."

कागदांची बरीच कामं जुन्या गावातच होतात, म्हणून ती घाईत सोडली की पुन्हा साडेसातशे किलोमीटर यावं लागतं. भरलेला सिलिंडर टेम्पोत किंवा कारमध्ये न्यायचा नसतो. सिलिंडर आणि रेग्युलेटर एजन्सीत जमा करा, टर्मिनेशन व्हाउचर, म्हणजे कनेक्शन बंद केल्याची पावती, घ्या, डिपॉझिट परत घ्या, तेच व्हाउचर नव्या गावी दाखवून कनेक्शन मिळतं. लातूरची, म्हणजे एमएच-२४ ची, गाडी दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांपेक्षा जास्त ठेवायची तर तिथं पुन्हा नोंदणी लागते, त्यासाठी इथल्या आरटीओची एनओसी, म्हणजे ना हरकत दाखला, त्यासाठी फॉर्म २८, त्यावर चेसिस नंबरचा पेन्सिलनं घासलेला ठसा. गाडीवर कर्ज असेल तर बँकेचं पत्र वेगळं. तिथला टॅक्स आधी भरायचा आणि इथं भरलेल्याचा उरलेला परत मिळवायला नव्या नोंदणीचा पुरावा घेऊन पुन्हा अर्ज. एकाच गाडीसाठी माणसाला इतकं पळवायचं कशाला?

सामान उतरतं तेव्हा तुम्ही पाच जण रात्रभर गाडी चालवून पेंगलेले असता, आणि नेमकं तेव्हाच ड्रायव्हर "माल सुस्थितीत मिळाला" लिहिलेला कागद पुढं करतो. खोकी यादीशी ताडून मोजा, टीव्हीचा पॅनल आणि कपाटाचे कोपरे तिथंच उघडून बघा, आणि सहीच्या वर हातानं "आतील सामान तपासणे बाकी" असं लिहा. उरलेले पैसे सामान उतरल्यावरच, हे पहिल्या दिवशीच बिल्टीवर लिहून घेतलेलं नसेल तर मात्र ताडपत्री सुटायच्या आधीच ते मागतील, आणि तुमचं घर त्यांच्या गाडीत असताना तुम्हाला द्यावे लागतील.