नाडीराव

घरात प्राणी नको असेल तर पोरांना एक काल्पनिक प्राणी काढून द्यावा, म्हणजे खर्च नाही, केस नाहीत, डॉक्टर नाही, ही कल्पना आमच्या ह्यांची. ह्यांच्या बहुतेक कल्पनांप्रमाणे तीही शेवटी माझ्याच गळ्यात पडली. कल्पना सुचवून हे पेपर वाचायला मोकळे झाले, आणि मी चौथीतल्या मुलीसमोर चौकटीची वही उघडून बसले.

मूळ मागणी फेरेटची होती. चिनूनं कुठल्याशा व्हिडिओत पाहिलं, की एक लांबोडकं, मिशाळ जनावर सोफ्याच्या एका फटीत शिरतं आणि दुसऱ्या फटीतून कुणाचा तरी मोजा तोंडात धरून बाहेर येतं. वर पुन्हा कॅमेऱ्याकडे असं बघतं, की मोजा जणू त्याच्या वडिलोपार्जित इस्टेटीतला आहे. झालं. कुत्रा नको, मांजर नको, ससा तर नकोच नको. माझा भाऊ कॅलिफोर्नियात असतो. त्याला लगेच फोन गेला, "मामा, येताना एक फेरेट आण की." मामाचा चेहरा एकदम उजळला. "अगं, आमच्या कॅलिफोर्नियात फेरेट पाळायलाच बंदी आहे!" नाही म्हणायला आयतं सरकारी कारण मिळालेला माणूस इतका गोड बोलतो, की ऐकत राहावं.

मग मुंगसाचा प्रस्ताव आला, तो सासूबाईंकडून. आम्ही सांगलीत राहतो. अपार्टमेंटच्या मागच्या भिंतीपलीकडे ऊस आहे, आणि त्यातून मुंगसाची स्वारी अधूनमधून भिंतीवर येते. सासूबाईंना मुंगूस दिसणं म्हणजे शुभ. दिसलं की हातातलं काम टाकून त्या गॅलरीत उभ्या राहतात आणि वयाच्या पंचाहत्तरीत मोठ्यांदा म्हणतात, "मुंगसा मुंगसा तोंड दाखव, तुला रामाची शपथ!" ते दाखवतंही. शिवाय धर्मराजाच्या यज्ञात जाऊन सगळ्यांना नावं ठेवणारं अर्ध्या सोन्याच्या अंगाचं मुंगूस, बाळाला सापापासून वाचवून वर मालकिणीच्या हातून मेलेलं मुंगूस, असा सगळा पूर्वेतिहास त्यांच्याकडे तयार असतो. पण मुंगूस हा वन्यप्राणी. १९७२ च्या कायद्यानं त्याला घरात ठेवता येत नाही. आणि चिनूनं तर मुळावरच घाव घातला. मुंगूस मांजर-उदमांजराच्या बाजूचं, फेरेट आणि त्याचा भाऊबंद वीझल कुत्र्या-अस्वलाच्या बाजूचे. दिसायला सारखे, घराणी वेगळी.

"म्हणजे सोयरीक जमत नाही," सासूबाई म्हणाल्या आणि विषय मिटला.

खरं तर फेरेटच्या घराण्यातली माणसं, म्हणजे जनावरं, आपल्याकडेही आहेत. सिंधुदुर्गातल्या खाड्यांत पाणमांजरं आहेत, ती त्यांचीच. पण पाणमांजर आमच्या बाथरूममध्ये मावणार नाही आणि तिथेही वन्यजीव कायदा आडवा येतोच. तेव्हा वही उघडली.

आधी आकार. चिनूला सगळ्यात लहान पाहिजे होता. मांजर-कुत्र्या-अस्वलांच्या मांसाहारी गणातला जगातला सगळ्यात छोटा शिकारी म्हणजे लीस्ट वीझल. लहानखुरी मादी पन्नास ग्रॅमच्याही आत भरते, म्हणजे आमच्या चहात घालायच्या आल्याच्या तुकड्याएवढी. उंदराच्या मागे थेट त्याच्या बिळात शिरते. डोकं शिरलं की मागचं सगळं शिरतं. मात्र अंग लांब आणि बारीक असल्यामुळे ऊब टिकत नाही, म्हणून सारखं खावं लागतं. रोज स्वतःच्या वजनाच्या जवळपास निम्मं. हे मी वाचून दाखवल्यावर ह्यांनी पेपर खाली केला आणि स्वतःचं वजन मनातल्या मनात निम्मं करून पाहिलं, हे मला त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं.

"पण खाणार काय?" सासूबाईंनी विचारलं.

इथे खरी लढाई जुंपली. फेरेट काय, वीझल काय, पक्के मांसाहारी. आतडं आखूड, खाल्लेलं तीन-चार तासांत निकालात निघतं, डाळ-भाताशी त्यांचं पोट बोलतच नाही. सासूबाईंनी जाहीर केलं, की काल्पनिक असला तरी ह्या घरात तो मटण खाणार नाही. मी म्हटलं, आई, तो नाहीच आहे. त्या म्हणाल्या, नाही ना, मग शाकाहारी असायला त्याला काय धाड भरलीय? ह्या युक्तिवादाला माझ्याकडे आजही उत्तर नाही. चिनूनं तोड काढली. तो आठवडाभर भडंग खातो आणि बुधवारी-रविवारी आपलं आपण बाहेर बघतो. ही तोड तिला सुचायचं कारण उघड आहे. तिचे बाबा हेच करतात.

वासाचं पुढे आलं. ह्या सगळ्या खानदानाला शेपटीखाली ग्रंथी असतात आणि त्यांचा दर्प घरभर दरवळतो. मी तो सरळ कापून टाकला आणि वाळ्याचा वास दिला. काल्पनिक प्राण्याबाबतीत माझा एवढाच हट्ट पुरवला गेला. झोप मात्र ठेवली. फेरेट दिवसाचे चौदा ते अठरा तास झोपतं, हे ऐकून ह्यांना पहिल्यांदाच त्या प्राण्याबद्दल आपुलकी वाटली.

रंगाचा भाग मला स्वतःला आवडला, म्हणून सांगते. थंड मुलखातला स्टोट नावाचा वीझल हिवाळ्यात पांढराशुभ्र होतो, फक्त शेपटीचं टोक काळं राहतं. राजेरजवाडे त्याच्या कातड्याचे झगे घालायचे. लिओनार्दोनं १४९० च्या आसपास एका तरुणीच्या हातात असंच पांढरं जनावर रंगवलं, ते चित्र पोलंडमध्ये आहे. मी ते फोनवर सासूबाईंना दाखवलं. त्यांनी चष्मा वर-खाली करून बराच वेळ पाहिलं आणि म्हणाल्या, "पोरगी चांगल्या घरची दिसते, मग घूस कशाला घेतलीय हातात?" तर आता सांगलीत बर्फ कुठून आणायचा? चिनूनं ठरवलं, की आपला प्राणी एरवी काकवीच्या रंगाचा, पण मार्केट यार्डात नव्या हळदीचे सौदे सुरू झाले की पिवळाधमक होतो. शेपटीचं टोक तेवढं काळं. इतक्या नेमक्या कल्पना ही मुलगी निबंधाच्या पेपरात कुठे ठेवते, कोण जाणे.

नाव पडलं ते वेगळ्याच भानगडीतून. मी तिला फेलिशिया नावाच्या फेरेटची गोष्ट सांगत होते. ती खरी आहे. १९७१ साली अमेरिकेत शिकागोजवळच्या एका प्रयोगशाळेत अणूचे कण पळवायचं प्रचंड यंत्र उभं राहत होतं आणि त्याच्या लांबच लांब नळ्यांत बारीक धातूचा कचरा अडकला होता. माणूस शिरेना, झाडू पोचेना. शेवटी पस्तीस डॉलरला एक फेरेट विकत आणलं, त्याच्या गळपट्ट्याला दोरी बांधली आणि नळीत सोडलं. ते पलीकडून बाहेर आलं की त्या दोरीला फडकं बांधायचं आणि ओढून घ्यायचं. नळीत घाण नको म्हणून बाईसाहेबांना लंगोटही शिवला होता. मोठ्या गोल नळीत शिरायला तिनं साफ नकार दिला, छोट्या नळ्या तेवढ्या केल्या. एवढी हुशार बाई!

नेमकं त्याच वेळी हे बेडरूममधून एका हातानं पायजमा धरून बाहेर आले. नाडीचं एक टोक आत गेलं होतं आणि सेफ्टी पिन मिळत नव्हती.

"आई," चिनू म्हणाली, "आपल्याला असाच पाहिजे." तेव्हापासून त्याचं नाव नाडीराव.

इथवर ठीक होतं. वही भरली, चित्र रंगवलं, फ्रिजवर लावलं. मला वाटलं संपलं. पण खरं कुत्रं निदान एका वेळी एकाच ठिकाणी असतं. नाडीराव सगळीकडे होता. पाहुणे सोफ्यावर टेकायच्या आत चिनू किंचाळायची, "काकू, तिथे तो झोपलाय!" आणि काकू बिचाऱ्या दचकून साडी झटकत उठायच्या. फेरेट खुशीत आलं की पाठ कमानदार करून, तोंड उघडं टाकून, आडव्या उड्या मारत नाचतं आणि कुईकुई-डुकडुक असा काहीतरी आवाज काढतं. नाडीराव दिसत नसल्यामुळे त्याचा नाच चिनू करून दाखवायची. ती टीपॉयला धडकायची. हेही त्या प्राण्याच्या बाबतीत खरं आहे, तीही नाचता नाचता कशालाही धडकतात. म्हणजे मला रागावायचीही सोय राहिली नाही.

खरा घोळ झाला तो चोरीमुळे. फेरेटला वस्तू पळवून दडवायची खोड असते. मोजे, किल्ल्या, रबरी काहीही. सोफ्याखाली, कपाटामागे साठा करतात. हे कलम वहीत लिहिताना मी दोन मिनिटं विचार करायला हवा होता, असं आमच्या घरी आता कुणालाच वाटत नाही, कारण सगळ्यांचं फावलंय. गणिताचा पेपर सहीसाठी आणायचा होता, तो नाडीरावानं नेला. पंचवीसपैकी किती होते ते त्यालाच माहीत. ह्यांना विम्याचा हप्ता भरायचा निरोप दिला होता, ती नोटीस नाडीरावानं नेली. मधुमेह असलेल्या सासूबाईंच्या वाटणीचे नसलेले दोन पेढे डब्यातून कमी झाले. मी नुसतं त्यांच्याकडे पाहिलं. त्या शांतपणे म्हणाल्या, "बुधवार आहे ना आज? बाहेर काही मिळालं नसेल बिचाऱ्याला."

कामाच्या मंगलताईंकडून मला न्यायाची अपेक्षा होती. कपाचा कान तुटलेला दिसला म्हणून विचारलं, तर हात पुसत म्हणाल्या, "वैनी, मी न्हाई बगा. त्यो तुमचा नाडी का कोण, त्यो हुता हितं." त्यांच्या चेहऱ्यावरची माशी हलली नाही. मंगलताई पाच घरची कामं करतात. दुसऱ्या दिवशी नाडीराव पाचही घरांत माहीत झाला.

त्यातून सोसायटी उठली. चेअरमन काका वर आले. हातात कागद, पायात सॅंडल, म्हणजे भेट औपचारिक. "वहिनी, तुम्ही प्राणी ठेवलाय असं कानावर आलंय. जिन्यात वास येतोय."

वास खरोखरच येत होता. दुसऱ्या मजल्याच्या डक्टमध्ये उंदीर मेला होता. मी समजावलं, की आमचा प्राणी काल्पनिक आहे, आणि त्याला वाळ्याचा वास येतो. काकांनी कागदाकडे पाहिलं. त्यावर कुत्रा, मांजर, पक्षी आणि इतर असे रकाने होते. "इतरमध्ये घालतो," ते म्हणाले. "आणि मीटरच्या खोलीकडे सोडू नका." इथे ह्यांनी उगाच तोंड घातलं, की काका, तुमचं बरोबर आहे, २०१६ च्या एप्रिलमध्ये जिनिव्हाजवळ ह्याच घराण्यातलं एक मार्टेन विजेच्या ट्रान्सफॉर्मरवर चढलं, तेव्हा जगातलं सगळ्यात मोठं कण पळवायचं यंत्र बंद पडलं होतं. एक भाऊबंद तसलं यंत्र साफ करतो, दुसरा बंद पाडतो, हे ह्यांना फार गमतीचं वाटतं. काकांना वाटलं नाही. गेल्याच महिन्यात आमच्या इमारतीची लिफ्ट अडकली होती आणि ती का अडकली, हे अजून कुणाला कळलेलं नाही. त्यांनी "इतर"खाली एक रेघ ओढली.

मी त्या रात्री नाडीरावाला परत पाठवायचं ठरवलं. खऱ्या प्राण्याला निदान कुणाला तरी देता येतं. काल्पनिक प्राण्याला द्यायचं कुणाला? उसात सोडून येऊ म्हटलं, तर सासूबाईंनी डोळ्याला पदर लावला, की तिथे मुंगूस आहे, ते ह्याला जगू देईल का. मी म्हटलं, मग मामाकडे पाठवू. तिघं एकदम ओरडले, "तिथे बंदी आहे!"

आणि मग परवा चिनूनं वही आणून माझ्यासमोर ठेवली. नवं पान. नाडीराव ही मादी आहे. ती फेलिशियाही मादीच होती, तेव्हा आक्षेप घ्यायला जागा नाही. नाव बदलणार नाही, कारण तिला सवय झालीय. आणि फेरेटला एका वेळी साधारण आठ पिल्लं होतात, असं तिनं स्वतः वाचून काढलं होतं. दिवस भरत आलेत.

सासूबाईंनी त्याच संध्याकाळी डोहाळजेवणाचं काढलं. भडंगाचा बेत धरूनच इतर पदार्थ ठरवा म्हणाल्या. माझ्या साड्यांच्या कपाटातला खालचा खण रिकामा झाला, हे मला साड्या पलंगावर दिसल्यावर कळलं. ह्यांनी आठांपैकी एकाचं नाव आधीच राखून ठेवलंय आणि ते सांगायला तयार नाहीत. मंगलताईंनी विचारलं, की पिल्लं आल्यावर काम वाढणार, तर पगाराचं काय?

सकाळी चेअरमन काका जिन्यात भेटले. आता काय नोटीस येते म्हणून मी पिशवी सावरत बाजूला झाले. त्यांनी आजूबाजूला पाहिलं, आवाज खाली आणला. सुट्टीत नातू येणार आहे, घरी काकू कुत्रं आणू देत नाहीत, तेव्हा एक पिल्लू आम्हाला ठेवाल का?

"हळदी रंगाचं मिळेल," मी म्हटलं. "पण बुधवारचं तुमचं तुम्ही बघा."