परावलंबी कोणाला म्हणायचं?

"म्हणजे फिजिओच ना?" हे सोलापुरात इतक्या जणांनी विचारलंय की आता मी नुसती मान हलवते. मी ऑक्युपेशनल थेरपी शिकते, म्हणजे आजारानं किंवा अपंगत्वानं अडलेली रोजची कामं माणसाला परत करता यावीत म्हणून मदत करायला. गेल्या वर्षी इतका वीट आला होता की सगळं सोडून चाटी गल्लीत बाबांच्या दुकानात बसावं असं वाटायचं.

परत मन लागलं ते अपंगांच्या चळवळीचा इतिहास वाचून. कमलाबाई निंबकरांनी १९५० मध्ये मुंबईत केईएम रुग्णालयात आमच्या विषयाचं शिक्षण सुरू केलं, एवढं आम्हाला सांगतात. पण ज्यांच्यासाठी हा विषय, त्यांनी स्वतः काय केलं?

कॅलिफोर्नियाच्या एड रॉबर्ट्सला १९५३ मध्ये, १४ व्या वर्षी पोलिओ झाला. मानेखालचं जवळजवळ सगळं शरीर लुळं. श्वासासाठी रात्री लोखंडी यंत्रात झोपायचं. बर्कली विद्यापीठात शिकायला गेला तेव्हा ते अवजड यंत्र हॉस्टेलात ठेवणं शक्य नव्हतं, म्हणून कॅम्पसवरच्या दवाखान्यातच राहिला. हा कामाला लागूच शकत नाही, असा शेरा राज्याच्या पुनर्वसन खात्यानं मारला होता. १९७५ मध्ये तो त्याच खात्याचा प्रमुख झाला!

रोजची कामं माणूस स्वतः किती करतो हे मोजणाऱ्या आमच्या बार्थेल इंडेक्समध्ये कपडे घालायला मदत लागली की गुण कमी होतात. रॉबर्ट्स त्यात सपशेल नापास. पण कधी उठायचं, कुठे जायचं, मदतीला कोण ठेवायचं, हे तो ठरवायचा. १९७२ मध्ये बर्कलीत त्यानं आणि त्याच्या मित्रांनी सेंटर फॉर इंडिपेंडंट लिव्हिंग, म्हणजे अपंगांना स्वतंत्रपणे जगायला मदत करणारं केंद्र, उभं केलं, ते याच हट्टावर.

आता आपल्या सोलापूरच्या पूर्व भागातला एखादा यंत्रमाग कामगार घ्या. अर्धांगवायू झालाय, शर्टाची बटणं लावायला अर्धा तास जातो. कुणी दोन मिनिटांत लावून दिली आणि तो वेळेवर कामावर पोचला, तर तो परावलंबी? मला नाही पटत. (त्याला स्वतःच लावायची असतील तर सराव जरूर घेऊ.)

पण ते 'कुणी' म्हणजे बहुतेक वेळा बायको. ती दिवसभर विड्या वळते, तिच्या वेळेचं काय? रॉबर्ट्सच्या चळवळीनं पगारी मदतनीस मागितला, घरच्यांच्या मायेवर भागवा म्हटलं नाही. आपल्या २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातही जास्त आधार लागणाऱ्यांसाठी मदतनीस भत्त्याचा उल्लेख आहे. तो कसा मिळवायचा, अर्ज कुठे करायचा, हे आम्हाला बटणांच्या सरावाइतकंच नीट शिकवायला हवं. परीक्षेत विचारा म्हणजे सगळे वाचतील.