९९ पर्सेंटाइल म्हणजे कॉल नक्की?

'९९ पर्सेंटाइल पडले की आयआयएमचा इंटरव्ह्यू कॉल ठरलेलाच' हे एमबीए प्रवेशावरच्या लेखातलं वाक्य अर्धसत्य आहे. अहमदाबादचं आयआयएम काय, बंगळुरूचं काय, कॅट या प्रवेश परीक्षेच्या स्कोअरसोबत दहावी-बारावीचे गुणही मोजतात. दहावीत ७२ टक्के पडले असतील तर आता त्याला कोण काय करणार? माझ्या भाचीला एकाही जुन्या आयआयएमचा कॉल आला नाही, तिच्याहून कमी पर्सेंटाइलवाल्या मित्राला आला. पोरगी जेवतानाही ईमेल रिफ्रेश करत बसायची. हे निकष संस्थांच्या वेबसाइटवर जाहीर असतात. क्लासवाले मात्र फी घेताना त्याबद्दल अवाक्षर काढत नाहीत.

दुसरं म्हणजे, आपल्या मुलांनी राज्याची एमबीए प्रवेशाची परीक्षा, सीईटी, हलक्यात घेऊ नये. मुंबईच्या जमनालाल बजाज व्यवस्थापन संस्थेत एमएमएसचा (एमबीएसारख्याच पदवीचा) प्रवेश गुणवत्ता यादीवरून होतो, इंटरव्ह्यूच नाही. म्हणजे कॉलची वाट बघण्याचा छळही नाही! आणि नव्या आयआयएमपैकी बऱ्याच जणी मिळून एकच मुलाखत घेतात, त्यांची यादी वेगळी लागते. तेव्हा अहमदाबाद-बंगळुरूचा नकार आला म्हणून मुलाखतीची तयारी लगेच गुंडाळू नका.