‘बॉम्ब असते तर युक्रेनकडे डोळा वर करून कुणी पाहिलं नसतं’ : या मेसेजचं काय करायचं?

रशियाने फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनवर चाल केली तेव्हापासून एक मेसेज फिरतोय. अधूनमधून नव्या फोटोसह परत येतो. गेल्या आठवड्यात आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर आला. मजकूर थोडक्यात असा : ‘युक्रेन जगातला तिसऱ्या क्रमांकाचा अण्वस्त्रधारी देश होता. १९९४ मध्ये एका कागदाच्या बदल्यात त्याने सगळे बॉम्ब देऊन टाकले. ते ठेवले असते तर रशियाची हिंमत झाली नसती, कारण अण्वस्त्रधारी देशावर कुणी हल्ला करत नाही. म्हणून प्रत्येक देशाकडे बॉम्ब हवाच.’ मी उत्तर लिहायला घेतलं, ते ग्रुपवर मावेना, म्हणून इथे.

‘तिसऱ्या क्रमांकाचा’ हे मोजदादीपुरतं खरं आहे. १९९१ च्या अखेरीस सोव्हिएत संघ फुटला तेव्हा युक्रेनच्या जमिनीवर लांब पल्ल्याची सुमारे १,९०० अण्वस्त्रं होती, १७६ आंतरखंडीय क्षेपणास्त्रं होती, शिवाय बॉम्बफेकी विमानं. पण ती डागायचे संकेतांक मॉस्कोत. तिजोरी आपल्या घरात आणि किल्ली शेजाऱ्याच्या कमरेला, असा प्रकार. कुलूप फोडता आलं नसतं का? कदाचित आलं असतं. क्षेपणास्त्रं बांधणारा द्निप्रोचा अवाढव्य कारखाना युक्रेनचाच होता आणि तिथले इंजिनिअर कच्चे नव्हते. मात्र अण्वस्त्र म्हणजे आजीने दिलेली समई नाही, की घासूनपुसून पिढ्यान्‌पिढ्या वापरावी. त्याची ठरावीक काळाने देखभाल करावी लागते, भाग बदलावे लागतात, आणि ती सोय रशियातल्या प्रयोगशाळांत होती. ती नव्याने उभारायची तर पैसा हवा. १९९३ मध्ये युक्रेनमधली महागाई १०,००० टक्क्यांच्या वर गेली होती. त्यात मॉस्को आणि वॉशिंग्टन या एका मुद्द्यावर एकत्र, दोघांनाही ही अस्त्रं तिथून हलवायचीच होती.

पुढचं वाक्य, कागदाचं. इथे मेसेज लिहिणाऱ्याचा राग मला कळतो, पण हिशेब चुकलाय. अण्वस्त्रं न बाळगण्याचा इरादा युक्रेनने जुलै १९९० मध्येच, म्हणजे स्वतंत्र होण्याआधी, जाहीर केला होता. चेर्नोबिलच्या अणुभट्टीच्या स्फोटाला तेव्हा चारच वर्षं झाली होती. जानेवारी १९९४ मध्ये अमेरिका आणि रशियाबरोबर जो सौदा झाला त्यात अणुभट्ट्यांसाठी इंधन होतं, अस्त्रं मोडीत काढायला अमेरिकेची मदत होती. फुकट काही गेलं नाही. कागद आला तो त्याच वर्षी ५ डिसेंबरला, बुडापेस्टमध्ये. रशिया, अमेरिका आणि ब्रिटनने त्यावर युक्रेनच्या सीमांचा आदर करू असं लिहून दिलं.

त्या कागदात मुद्दाम ‘हमी’ हा शब्द टाळून ‘आश्वासन’ ठेवला होता. पतसंस्थेच्या कर्जाला कधी जामीन राहिलेल्या माणसाला हा फरक समजावून सांगावा लागत नाही. युक्रेनच्या बाजूने सैन्य पाठवायला कुणी बांधील नव्हतं. अण्वस्त्रांचा हल्ला किंवा तशी धमकी आली तर सुरक्षा परिषदेत दाद मागू, एवढीच तरतूद. आणि त्या परिषदेत नकाराधिकार कुणाकडे, तर रशियाकडेच! खरी चुटपुट लावणारी गोष्ट मात्र मेसेजमध्ये नाहीच. १९९९ च्या सुमाराला युक्रेनने गॅसची थकबाकी फेडायला आठ टीयू-१६० बॉम्बफेकी विमानं आणि शेकडो क्रूझ क्षेपणास्त्रं रशियाला देऊन टाकली. त्यांना मॉस्कोचा संकेतांक लागत नव्हता, साधी स्फोटकं लावूनही ती उडाली असती. हळहळायचं तर त्यांच्यासाठी हळहळा.

आता मेसेजचा कणा : अण्वस्त्रधारी देशावर कुणी हल्ला करत नाही. हे मराठीत फॉरवर्ड करताना तरी कारगिल आठवायला हवं होतं. मे १९९८ मध्ये आपण पोखरणला आणि पाकिस्तानने चगाईला अणुचाचण्या केल्या. वर्ष उलटतं न उलटतं तोच द्रास-कारगिलच्या शिखरांवर लढाई जुंपली आणि आपले ५२७ जवान गेले. बॉम्ब आपल्याकडेही होता, पाकिस्तानकडेही. त्याआधी १९६९ मध्ये उसुरी नदीवर चीन आणि सोव्हिएत संघाचे सैनिक एकमेकांवर गोळ्या झाडत होते. १९७३ मध्ये इजिप्त आणि सीरियाने इस्राएलवर, १९८२ मध्ये अर्जेंटिनाने ब्रिटनच्या फॉकलंड बेटांवर चढाई केली. आणि ऑगस्ट २०२४ मध्ये तर खुद्द युक्रेनचं सैन्य रशियाच्या कुर्स्क प्रांतात घुसलं, जगातला सर्वांत मोठा अण्वस्त्रसाठा असलेल्या देशात.

यातल्या कुठल्याही हल्ल्यात समोरच्या देशाचं अस्तित्व पुसलं गेलं नाही, हेही मान्य करतो. बॉम्ब मोठ्या युद्धाला धाक घालतो, पण त्याच धाकाच्या आडोशाने छोटी कुरापत काढता येते. ग्लेन स्नायडर या अमेरिकी अभ्यासकाने १९६५ मध्येच हा पेच मांडला होता. युक्रेनने अण्वस्त्रं सोडू नयेत असं जॉन मियरशायमर हे दुसरे अमेरिकी अभ्यासक १९९३ मध्येच सांगत होते, फॉरवर्ड करणाऱ्यांनी निदान त्यांना तरी वाचावं. बॉम्ब असते तर रशियाने युक्रेनचा क्रिमिया घेतला नसता की तरीही घेतला असता, हे छातीठोकपणे कुणालाच सांगता येणार नाही. मलाही नाही. फक्त एक बघा : बुडापेस्टमध्ये त्याच दिवशी, तशाच कागदावर कझाकस्तान आणि बेलारूसनेही सह्या केल्या. कझाकस्तानने हजारावर अस्त्रं सोडली. त्याच्यावर रशियाचे रणगाडे चालून गेले नाहीत. म्हणजे बॉम्ब नसणं एवढ्या एका कारणाने युद्धाचा उलगडा होत नाही.

राहिला ‘प्रत्येकाकडे बॉम्ब हवाच’ हा सल्ला. मेसेज पहिल्यांदा जोरात फिरत होता त्याच दिवसांत, ९ मार्च २०२२ रोजी, आपल्याकडून एक ब्रह्मोस चुकून सुटलं आणि पाकिस्तानात मियाँ चन्नूजवळ जाऊन पडलं. आत स्फोटकं नव्हती, कुणी दगावलं नाही. हवाई दलाचे तीन अधिकारी पुढे बडतर्फ झाले. क्षेपणास्त्र हवेत होतं त्या काही मिनिटांत ते रिकामं आहे हे पलीकडच्या रडारवर बसलेल्या माणसाला कसं कळणार होतं?