साडेचार मिलीची शिंक

गेल्या फेब्रुवारीत मला एक शिंक साडेचार मिलीला पडली. केमिस्ट्रीवाल्यांना लगेच कळलं असेल, बाकीच्यांसाठी सांगतो. बीएस्सीच्या प्रॅक्टिकलला टायट्रेशन असतं, म्हणजे ॲसिड संपवायला किती मिली अल्कली लागते ते मोजायचं. वर ब्युरेटमध्ये, म्हणजे खुणा आणि चावी असलेल्या काचेच्या नळीत, सोडियम हायड्रॉक्साइड, खाली फ्लास्कमध्ये ॲसिड आणि रंग दाखवायला फिनॉल्फ्थॅलिनचे दोन थेंब. डाव्या हातात ब्युरेटची चावी, उजव्या हातात फ्लास्क. एकेक थेंब सोडत फ्लास्क हलवत राहायचं. एका थेंबाला आतलं पाणी इतकं फिकट गुलाबी होतं की झालंय की भास होतोय तेच कळू नये. तोच एण्ड पॉइंट. पहिलं रीडिंग ९.८, दुसरं ९.८. तिसरं तेवढंच आलं की सी.बी.आर., म्हणजे कॉन्स्टंट ब्युरेट रीडिंग, लिहायचा आणि सुटायचं.

९.७ ला नाकात मुंगी चालल्यासारखं झालं. दोन्ही हात अडकलेले. मी श्वास धरला, डोळे मिटले, कुलदैवत आठवलं. शिंक आलीच, आणि तिच्यासोबत डावा हातही फिरला. डोळे उघडले तर फ्लास्कमध्ये लग्नातल्या फेट्याचा रंग. रीडिंग १४.३. मागे उभे असलेले एक्स्टर्नल, म्हणजे बाहेरून आलेले परीक्षक, वाकून म्हणाले, "एण्ड पॉइंट मागच्याच स्टॉपला उतरला की हो."

म्हणून यंदा ठरवलं होतं, प्रॅक्टिकल होईपर्यंत सर्दी होऊ द्यायची नाही. ठरवणारा हॉस्टेलवर राहतो हे मात्र ठरवताना लक्षात आलं नाही.

आपलं कोल्हापूर तसं बोर्डिंगांचं गाव. शाहू महाराजांनी १९०१ मध्ये पहिलं बोर्डिंग काढलं, मग जातीजातींची निघत गेली, आणि खेड्यापाड्यातली पोरं चार-चार जण एका खोलीत राहून शिकली. ही परंपरा सव्वाशे वर्षांची. त्या खोल्यांमधल्या सर्दीचीही तेवढीच असणार, फक्त तिची नोंद कुठल्या गॅझेटियरात नाही.

आमच्या खोलीत तिघं. मी गडहिंग्लजकडचा. दुसरा सांगलीकर. तिसरा पैलवान. पैलवान म्हणजे खरोखर तालमीतला, खासबागेत दोन कुस्त्या मारलेला. खोलीत वस्तू तिघांच्या मिळून एकच सेट. टॉवेल नावाला तीन, पण पहाटे अंधारात हाताला लागेल तो. कानटोपी एक, हेल्मेट एक, इअरफोन एक. आणि एक नाकात ओढायची कांडी.

या कांडीबद्दल थोडं सविस्तर सांगायला पाहिजे. बोटाएवढी पांढरी प्लास्टिकची कांडी, आत मेन्थॉल आणि कापूर. टोपण कधीच हरवलेलं. सांगलीकरानं ती दिवाळीनंतर आणली. त्याच्या नाकातून ती पैलवानाच्या नाकात गेली. तिथून शेजारच्या खोलीत, मग आख्ख्या मजल्यावर. "भावा, कांडी हाय काय?" असं दारात कुणी विचारलं की नाही म्हणायची आमच्यात पद्धत नाही. जानेवारीत एकदा मी ती उजेडात धरून पाहिली. टोकाला काय होतं ते लिहीत नाही, कुणी जेवताना वाचत असेल. मजल्यावरचा जो तो बरं व्हायला ती ओढत होता, आणि जो तो दुसऱ्याची सर्दी घेऊन जात होता. मी ती गुपचूप खिडकीतून टाकून दिली. संध्याकाळी वॉचमननं ती परत आणून दिली. "तुमचीच न्हवं ही?" नाकाला लावूनच आला होता.

या सर्दीचे विषाणू दोनशेच्या वर आहेत म्हणे. त्यातला मोठा गट ऱ्हायनोव्हायरस, आणि ऱ्हायनो म्हणजे ग्रीकमध्ये नाक. फ्लूचा विषाणू वेगळा. तो ताप आणतो, अंग ठेचल्यासारखं करतो आणि आठवडाभर कॉटवर पाडून ठेवतो. हा फरक मला राजारामपुरीतल्या एका डॉक्टरांनी सांगितला. त्यांच्याकडून मी फ्लूची लस टोचून घेतली. ती दर वर्षी घ्यावी लागते, कारण फ्लूचा विषाणू रूप बदलत राहतो. लशीत कुठले प्रकार घालायचे हे जागतिक आरोग्य संघटना वर्षातून दोनदा ठरवते. लशीचा असर यायला दोनेक आठवडे जातात आणि साध्या सर्दीवर तिचा काही उपयोग नाही, हेही त्यांनी बजावलं.

हे सगळं मी खोलीत येऊन समजावून सांगितलं. पैलवानानं शांतपणे ऐकलं आणि म्हणाला, "इंजेक्शन घेतलंस म्हंजे आजारीच हैस की लगा."

पुढचे पंधरा दिवस मी नुसता खाकरलो तरी मजल्यावरून आवाज यायचा, "आणि म्हणं इंजेक्शन घेतलंय!"

पैलवानाला सर्दी होत नाही. म्हणजे होते, पण तो तिला धूळ म्हणतो. "ऊसाचे ट्रॅक्टर चाललेत न्हवं, धूळ हाय." ही धूळ त्याला आठ दिवस असते, रात्री कफासकट असते, आणि तिच्यावर इलाज म्हणजे गंगावेशीतला दूधकट्टा. तिथं संध्याकाळी म्हशी उभ्या असतात, समोर धार काढतात आणि फेसाचा ग्लास हातात देतात. "एक ग्लास मार, सर्दीचा बा बी येत न्हाई." मी एकदा गेलो त्याच्यासोबत. दूध खरंच अमृत होतं. कच्चं दूध उकळूनच प्यावं असं मायक्रोबायोलॉजीची पोरं सांगतात, पण म्हैस डोळ्यात डोळे घालून बघत असताना कुणाची हिंमत आहे.

सांगलीकर हळदीचा. सांगलीच्या हळदीला जीआय, म्हणजे गावाच्या नावाचा सरकारी शिक्का, मिळालाय हे तो पाणी मागितलं तरी सांगतो. दुधात हळद, मधात हळद, गरम पाण्यात हळद. त्याची उशी पिवळी आहे.

गावाकडून रोज रात्री आईचा फोन. "ताक पिऊ नको. केळं खाऊ नको. ओल्या डोक्यानं भाईर पडू नको." मी एकदा धाडस करून सांगितलं, की आई, इंग्लंडात १९४६ मध्ये सर्दीवर संशोधनासाठी एक केंद्रच काढलं होतं. तिथं माणसांना आंघोळ घालून ओल्या अंगानं गार वाऱ्यात उभं केलं, तरी त्यांना इतरांपेक्षा जास्त सर्दी झाली नाही. आई जरा गप्प झाली. मग म्हणाली, "त्यास्नी आई न्हवती वाटतं."

त्या केंद्राची मला मात्र फार असूया वाटते. लोक दहा दिवस तिथं फुकट राहायला जायचे, सुट्टी म्हणून. दोघं-तिघं एका खोलीत, राहणं-खाणं सरकारी, बदल्यात नाकात विषाणूचे थेंब घालून घ्यायचे. आमच्याकडेही तिघं एका खोलीत आणि नाकात विषाणू. फक्त फी आम्ही भरतो.

माझे स्वतःचे उपाय शास्त्रीय होते. साबणानं वीस सेकंद हात धुवायचे. हॉस्टेलच्या बेसिनवर साबण म्हणजे नखाएवढी चकती, तीही भिंतीला चिकटलेली. म्हणून मी माझी वडी डबीत घेऊन फिरायला लागलो. वीस सेकंद मोजायला सतराचा पाढा. सावकाश म्हटला तर बरोबर भरतो. आठवड्याभरात बातमी पसरली की गडहिंग्लजच्या पोराला कुठल्यातरी बाबानं मंत्र दिलाय. फर्स्ट इयरचा एक जण येऊन हळूच विचारून गेला, "नोकरीसाठी हाय काय?"

पाण्याच्या कूलरचा ग्लास साखळीनं बांधलेला. चोरीला जाऊ नये म्हणून. साखळी इतकी आखूड की ग्लास तोंडाला लावायचा तर ग्लासापुढं वाकावंच लागतं, आणि वरून ओतायला गेलं तर पाणी शर्टात. मी शर्टात ओतलं. महिनाभर माझी छाती ओली होती. आईला सांगितलं नाही.

मेसमध्ये रविवारी तांबडा-पांढरा. तिथं आरोग्याचा कसला अंदाजच लागत नाही. तांबड्या रश्शातल्या तिखटानं नाक वाहतंच, त्यामुळे पंगतीत आजारी कोण आणि तृप्त कोण हे ओळखायला मार्ग नाही. सगळे सूं-सूं करत खात असतात. "रस्सा घ्या, समदं मोकळं हुतंय," म्हणत मावशी परत वाढतात. मोकळं होतं खरं. अर्ध्या तासानं पुन्हा चोंदतं, पण तोवर माणूस झोपलेला असतो.

झोपेचा मुद्दा तर माझ्या वर्मी लागणारा. अमेरिकेत १६४ जणांच्या नाकात सर्दीचे थेंब घालून पाहिलं. सहा तासांपेक्षा कमी झोपणाऱ्यांना सर्दी व्हायची शक्यता सात तासांपेक्षा जास्त झोपणाऱ्यांच्या चौपटीहून अधिक निघाली. २०१५ सालचा अभ्यास. पैलवान नऊला झोपतो, चारला उठून तालमीला जातो, म्हणजे सात तास पुरे. आणि ते सात तास तो घोरतो. मी दोनपर्यंत छताकडे बघत असतो. माझ्या सर्दीचं मूळ त्याच्या तब्येतीत आहे हे मी त्याला एकदा आकडे मांडून पटवून दिलं. त्यानं विचार केला आणि दुसऱ्या दिवशी मला कापसाचे दोन बोळे आणून दिले. नाकासाठी का कानासाठी ते सांगितलं नाही.

तरी महिना निघाला. मजल्यावर सगळे आडवे झाले. कुणी मेडिकलमधून आपल्याच मनानं अँटिबायोटिक आणून खाल्लं. विषाणूवर त्याचा काही उपयोग होत नाही, पण पट्टीवर मोठं नाव असलं की माणसाला धीर येतो. सांगलीकराचा आवाज गेला आणि खोलीत चार दिवस हळदीचा विषय निघाला नाही. मी ठणठणीत.

शुक्रवारी प्रॅक्टिकल. ब्युरेट भरली. पहिलं रीडिंग १०.१. दुसरं १०.१. तिसऱ्याला हात थोडा कापला. फ्लास्क हलवत राहिलो, एक थेंब सोडला, फिकट गुलाबी उमटून विरलं. अजून अर्धा थेंब. तेवढ्यात कानामागे मोठी शिंक झाली, मानेवर गार तुषार. एक्स्टर्नल. यंदाचे वेगळे होते. माझी चावी हलली नाही. १०.१.

"छान," ते भरल्या नाकानं म्हणाले. जर्नल ओढून घेतलं. अंगठा जिभेला लावून पानं उलटली, चौदा प्रयोग, चौदा वेळा. मग सहीसाठी पेन मागितलं. दिलं. त्यांनी टोपण दातात धरलं, सही केली, टोपण लावलं आणि पेन माझ्या खिशाला स्वतःच्या हातानं अडकवून दिलं. पाठीवर थाप पण मारली. मास्तरांसमोर खिशातून पेन काढून पुसायचं कसं?

रविवारी सकाळी उठलो तर घशात काटा. अकराला पहिली शिंक.

पैलवान कॉटवरून न उठताच म्हणाला, "परवा रातीला ताक प्यालतास का न्हाई?"

प्यालो होतो.