फणसाला टांगलेला चेंडू

दादाने परवा घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक व्हिडिओ टाकला. परसातल्या फणसाच्या फांदीला दोरीने फुटबॉलचा चेंडू बांधलाय आणि माझा ९ वर्षांचा भाचा उड्या मारून त्याला कपाळाने हाणतोय. मागून दादाचा आवाज: एकवीस, बावीस, तेवीस. तीस झाल्यावर टाळ्या.

मी लिहिले, ‘दादा, त्याला एवढ्यात हेडिंग करायला लावू नको.’

दोन दिवस ग्रुप पेटला होता. चुलतभाऊ म्हणाला, तिकडे गेलेल्यांना सगळ्याचीच भीती वाटायला लागते. काकांनी लिहिले, आम्ही पावसात भिजलेल्या चामड्याच्या बॉलला हेड मारले, आमचे काय वाकडे झाले? दादा शेवटी बोलला. ‘पोरं मोबाईल टाकून मळ्यात उतरतात गो बाय. तेवढं तरी राहू दे.’

दादाचे मला पटते. गोव्यात पेडण्याकडच्या आमच्या गावात भात कापून झाले की मळ्यात दोन बांबू उभे राहतात, आणि मेरेवर, म्हणजे बांधावर, बसून सगळा वाडा खेळ बघतो. इथे स्कॉटलंडमध्ये, ग्लासगोत, शेजारची मुले तासाचे पैसे भरून कृत्रिम गवतावर खेळतात, वेळ संपली की दिवे बंद. आमच्या मळ्याची सर त्याला नाही. म्हणूनच मला हे लिहावेसे वाटले.

मी इथे ११ वर्षे वृद्धांच्या केअर होममध्ये नर्स आहे. आमच्याकडे एक आजोबा होते, तरुणपणी बचावफळीत खेळलेले. मुलीला ओळखत नसत, घास तोंडात धरून गिळायला विसरत. पण कुणी फुटबॉलचा जुना फोटो समोर धरला की एक हात वर नेऊन हवेत दोरी दाखवायचे आणि मान पुढे झटकायचे. पुन्हा पुन्हा. त्यांच्या काळी सरावाला छतापासून चेंडू टांगत, हे मला त्यांच्या मुलीने सांगितले. दादाचा व्हिडिओ उघडला तेव्हा मला आधी तो हात आठवला.

त्यांचा आजार हेडिंगमुळेच आला, असे मी म्हणणार नाही. एका माणसाकडे बोट दाखवून तसे सांगता येत नाही. वारंवारच्या आघातांनी मेंदूत टाऊ नावाचे प्रथिन साचून होणाऱ्या आजाराचे पक्के निदान तर आजही मृत्यूनंतर मेंदू तपासूनच होते. पण हजारो माणसे एकत्र मोजली की काहीतरी दिसते, आणि ती मोजणी याच शहरात झाली. ग्लासगो विद्यापीठातले डॉ. विली स्ट्यूअर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्कॉटलंडच्या ७,६७६ माजी व्यावसायिक फुटबॉलपटूंच्या नोंदी २३,०२८ सर्वसामान्य माणसांशी ताडून पाहिल्या. २०१९ मध्ये निष्कर्ष आले. डिमेन्शिया, पार्किन्सन यांसारख्या मेंदू झिजवणाऱ्या आजारांनी मरण्याचे प्रमाण खेळाडूंत सुमारे साडेतीन पट. हृदयविकाराने आणि फुफ्फुसाच्या कर्करोगाने मात्र खेळाडू कमी दगावले होते.

हा दुसरा भाग मी ग्रुपवर आधी लिहिला. खेळ माणसाला जगवतो, हे त्याच कागदावर आहे. आणि साडेतीन पट ऐकून छातीत धस्स होते, पण मुळातले आकडे असे: असा आजार मृत्यूचे मुख्य कारण ठरला तो खेळाडूंत १.७ टक्के जणांच्या बाबतीत, इतरांत ०.५ टक्के. शिवाय हे सगळे पोटासाठी वर्षानुवर्षे खेळलेले पुरुष. संध्याकाळी मळ्यात खेळणाऱ्या पोराला हे आकडे जसेच्या तसे लावता येत नाहीत.

तरी मी मागे हटत नाही, ते २०२१ मध्ये त्याच गटाने पुढे जे दाखवले त्यामुळे. त्यांनी खेळाडूंच्या जागा पाहिल्या. गोलरक्षकांत इतर लोकांपेक्षा फारसा फरक नव्हता. बचावपटूंत धोका सुमारे पाचपट. कारकीर्द जेवढी लांब तेवढा तो जास्त. एकाच मैदानावर, एकाच संघात, एकच जेवण जेवलेली ही माणसे. चेंडू डोक्याने कोण अडवतो, हा फरक डोळ्यांआड कसा करायचा?

काकांच्या ओल्या बॉलचे उत्तरही त्यातच आहे. वेगवेगळ्या दशकांत जन्मलेल्या खेळाडूंत धोका घटताना दिसला नाही. कोरडा चेंडू तेव्हाही साधारण ४१० ते ४५० ग्रॅमचा होता, आजही तेवढाच आहे. भिजत नाही, पण वेगाने येतो.

इकडचे लोक फार शहाणे आहेत असे कुणी समजू नये. इंग्लंडचा आघाडीपटू जेफ अॅस्टल २००२ मध्ये ५९व्या वर्षी गेला, तेव्हा मृत्यूची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याने कारण नोंदवले ‘व्यवसायजन्य आजार’. एवढे स्पष्ट लिहिले गेले, तरी प्राथमिक शाळेच्या वयाच्या मुलांचे सरावातले हेडिंग बंद व्हायला इथे फेब्रुवारी २०२० उजाडले. मधली सगळी वर्षे त्याच्या घरचे लोक दारोदार विचारत फिरले. अमेरिकेने १० वर्षांपर्यंतच्या मुलांचे हेडिंग २०१५ मध्येच थांबवले होते. आपल्याला तेवढी वर्षे घालवायची गरज नाही, मोजणी झालेली आहे.

आणि आपल्याकडे हेडिंगच्याही आधी एक गोष्ट आहे. मी शाळेत असताना गावच्या सामन्यात दोघांची डोकी आपटली. एक जण उठला तो उलट्या दिशेने धावू लागला. त्याला मेरेवर बसवून तोंडावर पाणी मारले, कांदा हुंगवला आणि पाच मिनिटांत परत आत सोडले. आम्ही सगळ्यांनी शिट्ट्या वाजवल्या, मीही. मेंदूला हादरा बसला होता, हे मला नर्सिंग शिकताना कळले. डोके आपटून गोंधळलेला मुलगा त्या दिवशी पुन्हा खेळत नाही, एवढा नियम पाळायला ना डॉक्टर लागतो ना पैसा. तो कोचने सांगायचा आणि आईबापांनी ऐकायचा. गोव्याने २०१२ मध्ये फुटबॉलला राज्याचा खेळ म्हटले. तर हे दोन नियम, लहानांना हेडिंग नाही आणि हादऱ्यानंतर खेळ नाही, प्रत्येक शाळेच्या मैदानावर मराठीत, कोकणीत लिहून लागायला हवेत, असे मला मनापासून वाटते.

रविवारी दादाचा फोन आला. आवाज अजून थोडा रुसलेला.

‘मग कॉर्नर कसा घ्यायचा, ते सांग.’

‘जमिनीवरून. आखूड पास.’

‘चेंडू उंच आला तर?’

‘छातीवर घ्यायचा. तूच शिकवलेलंस ना मला, परसात?’

तो काही बोलला नाही. मागे भाचा ओरडत होता, बाबा, दोरी कोणी सोडली?